ड्यूटीवरचा डोळा

४ ऑगस्ट

नोकरी संपली की बायका नातवंडं सांभाळतात, नाहीतर गुडघे. मी आज डोंबिवलीहून ठाण्याला जाऊन रायफल चालवून आले.

ही सगळी जॉर्जिनाची करणी. मानपाड्याच्या कारखान्यात तपासणी खात्यात आमची टेबलं शेजारी शेजारी होती. पंपाचे शाफ्ट आमच्यापुढून जायचे आणि आम्ही पास किंवा रिजेक्ट म्हणायचो. ती माझ्याआधी रिटायर झाली. तिचा थोरला भाऊ जेराल्ड ठाण्यात एका जुन्या शेडमध्ये एअर रायफलचा क्लब चालवतो. गुडघे गेलेल्यांसाठी त्याने बैठा प्रकार सुरू केलाय. टेबलाशी बसायचं, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवायची, वर दुर्बीण लावायची आणि पंचवीस मीटरवरच्या कागदावर छर्रे मारायचे. १२ ऑक्टोबरला जोड्यांची स्पर्धा आहे. जॉर्जिनाला जोडीदार हवी होती.

"मला कशाला? मी कधी माशी मारली नाही," मी म्हटलं.

"माशी कोण मारतंय गो? तुझा उजवा डोळा पायजे मना. बाकी तू घरी ठेवून आलीस तरी चालेल."

ते खरंय. कारखान्यात तीस वर्षं उजव्या डोळ्याला भिंग लावून माल पाहिला. त्यामुळे काहीही तपासायचं झालं की डावा डोळा आपोआप मिटतो. वांगी घेताना, शिंप्याची शिलाई बघताना, शेजारणीची रांगोळी बघतानासुद्धा. माझे यजमान महेंद्र म्हणतात, "झालं, डोळा ड्यूटीवर आला." त्यांनी ही डायरीही आणून दिली. म्हणाले, दिवसभर जे शेरे मारतेस ते इथे मार, घराला जरा सुट्टी दे.

९ ऑगस्ट

रायफल क्लबची मिळते, दुर्बीण आपली आपण घ्यायची. दुर्बीण विकत घेणं म्हणजे टीव्ही घेण्यासारखं असेल असं वाटलं होतं. तसं ते मुळीच नाही.

दुकान ठाण्यातच, स्वानंद नावाच्या मुलाचं. मी अर्थात सर्वांत मोठी मागितली. तो हसला. "मॅडम, जेवढं मोठं दिसेल तेवढं हललेलंही मोठं दिसेल. तुमचा श्वाससुद्धा दिसेल त्यात." खरंच, मोठ्या दुर्बिणीतून समोरच्या दुकानाची पाटी नुसती नाचत होती. छोटीतून ती शहाण्यासारखी उभी राहिली.

मग त्याने सांगितलेलं मला भलतंच आवडलं. बंदुकीचा धक्का मागे बसतो, एवढंच आपल्याला माहीत असतं. स्प्रिंगच्या एअर रायफलला दोन धक्के असतात, एक मागे आणि लगेच एक पुढे. त्यामुळे मोठ्या बंदुकीवर वर्षानुवर्षं टिकलेली दुर्बीण या गरीब दिसणाऱ्या रायफलीवर आठवड्यात खिळखिळी होते. दोन्हीकडचे धक्के सोसणारी वेगळी बनवतात. मी म्हटलं, म्हणजे सुनेसारखी. तो जरा गोंधळला, लग्न झालेलं नसावं.

दुर्बिणीतून डोळा जरा इकडेतिकडे हलवला तर आतली नेम धरायची दोन तारांची फुली निशाणावरून सरकता कामा नये, हेही पाहायचं असतं. मी डावा डोळा मिटून मान हलवून पाहिली. सरकली नाही. पास.

११ ऑगस्ट

आज दुर्बीण बसवली. जेराल्ड म्हणतो, "रायफलीला दुर्बीण लावाची म्हंजे लगीन लावाचं हाय. घाई केली का भोगलं."

आधी खालच्या रिंगा रायफलीच्या खाचेत बसवल्या. मागच्या रिंगेला एक खुंटी असते. ती रायफलीच्या भोकात अडकली पाहिजे, नाहीतर धक्क्यांनी दुर्बीण मागे सरकत जाते. मग दुर्बीण ठेवून डोळ्यापासूनचं अंतर जुळवलं, पूर्ण गोल दिसेपर्यंत पुढेमागे. वरचे स्क्रू मी समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, इंजिनाच्या हेडचे आवळतात तसे. जेराल्डने शिकवायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. शेवटी रिंग आणि दुर्बीण मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढली. सरकली तर रेघ तुटलेली दिसेल. कारखान्यात हेच करायचो, फक्त रंग पिवळा असायचा.

आता फुली सरळ उभी आहे का ते पाहायला ओळंबा लागतो. तो मी घरून नेला होता. माझे वडील धोंडिबा गवंडी होते, त्यांचा पितळी ओळंबा. ते म्हणायचे, "भिंत फसवंल, गवंडी फसवंल, वळंबा नाय फसवायचा." शेडच्या टोकाला दोरी लटकवली आणि फुलीची उभी रेघ दोरीवर आणली.

रेघ मध्ये वाकडी!

टोकं सरळ, मधोमध जरासा बाक, कुणी बोटाने ढकलल्यासारखा. दोरीही तिथेच जरा झुकलेली दिसली, पण त्या पत्र्याच्या शेडमध्ये वारा फार. फुलीला कुठला वारा लागणार? नवी कोरी वस्तू आणि आतली तार वाकडी. रिजेक्ट.

१४ ऑगस्ट

बाल्कनीला नवीन ग्रिल बसवली. काम कुंडलिकचं. मानपाडा रोडला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, माणूस नावाजलेला. मी बाल्कनीच्या दारात उभी राहून डावा डोळा मिटला आणि मधला गज पाहिला. वाकडा! अगदी मधोमध.

"ताई, गज कंपनीतून सरळ येतो. मी फक्त जोडतो," तो म्हणाला.

"मग कंपनीला सांगा, मी वाकडा म्हटलंय."

महेंद्र आत जाऊन पेपर वाचत बसले. त्यांना भांडणात पेपर फार आवडतो. कुंडलिक पुन्हा येईन म्हणून गेला. आजकाल काम करणाऱ्याला काम पाहायला वेळ नाही.

१९ ऑगस्ट

स्वानंदला दुर्बीण परत दिली. त्याने डोळा लावला, फिरवून पाहिली, नोकराला दाखवली, गिऱ्हाइकालाही दाखवली. "मॅडम, सरळ आहे."

"तुम्ही माल विकता. मी माल तपासायचे."

बिचाऱ्याने निमूटपणे दुसरी दिली, निराळ्या कंपनीची. जाताना म्हणाला, ही वाकडी निघाली तर मी दुकान बंद करतो. मी म्हटलं, असल्या पैजा लावू नयेत.

२४ ऑगस्ट

स्वानंदने दुकान बंद करायला हवं.

दुसरीही वाकडी! तोच बाक, तिथेच. आणि यात आज एक गंमत सापडली. फुलीच्या मध्यावर पाहिलं तर बाक मध्यावर, वरच्या टोकाकडे पाहिलं तर बाक वर चढतो. मी पाहीन तिथे तो येतो. अशी तार मी जन्मात पाहिली नाही. काच दोन ठिकाणी कमी-जास्त घासली असेल काय? की रिंगा जास्त आवळून नळी दबली? सगळं सोडून पुन्हा बसवलं. तसंच.

जेराल्डने डोळा लावला. "मना तर सूत लावल्यागत सरळ दिसतंय."

"तुला जाड चष्मा आहे, जेराल्ड. तुझं काय धरायचं?"

जॉर्जिना हसली. मग म्हणाली, "नीला, तू उजवा डोळा सारखी चोळतेस."

धूळ फार आहे त्या शेडमध्ये.

३० ऑगस्ट

कुंडलिक आज हातोडा घेऊनच आला. चेहऱ्यावर असं की आज एक तर ग्रिल सरळ होईल, नाहीतर ताई. म्हणाला, "तुम्ही तिथे उभ्या राहा, सांगाल तिथे ठोकतो."

मी दारात, डावा डोळा मिटून. तो बाहेरून ठोकतोय. "अजून थोडं. डावीकडे. अजून. बस!" मधला गज झाला, मग दोन्ही शेजारचे. तासाभराने तिन्ही गज एकदम सरळ. पाहून जीव थंड झाला. मी म्हटलं, "बघा, लक्ष दिलं की होतं." त्याने ग्रिलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग महेंद्रांकडे. चहाही घेतला नाही.

महेंद्र ग्रिलपुढे बराच वेळ उभे होते.

"पास?" त्यांनी विचारलं.

"पास."

"बरं," म्हणाले आणि पेपर उघडला.

४ सप्टेंबर

लोखंडाचं एक नवल पाहिलं. दुपारी कपडे वाळत घालताना सहज नजर गेली तर ग्रिल चांगलीच वाकडी वाटली. जवळ जाऊन तपासली तर सरळ. उन्हाने लोखंड फुगतं ते माहीत होतं, पण इतकं? आणि जवळ जाईपर्यंत निवतं?

समोरच्या बिल्डिंगमधली श्रिया म्हणाली, "काकू, ग्रिलची डिझाइन वेगळीच आहे हां तुमची." मी म्हटलं, साधीच तर आहे. तिला आजकाल सगळ्यात डिझाइन दिसतं.

१० सप्टेंबर

नेम बिघडलाय. गेल्या महिन्यात माझे छर्रे रुपयाएवढ्या जागेत पडायचे, आता बशीएवढ्या. जॉर्जिनाचे सुधारतायत. मला राग येतो आणि राग येतो याची लाज वाटते.

आज कारणं शोधली. नेलपॉलिशची रेघ अखंड, म्हणजे दुर्बीण सरकलेली नाही. स्क्रू घट्ट. छर्रे वेगळे वापरून पाहिले. रायफल जॉर्जिनाच्या हातात दिली, तिने त्याच दुर्बिणीतून रुपयाएवढ्या जागेत मारले. याचा अर्थ काय घ्यायचा? तिचा हात बसलाय, माझा नाही. निशाणाचा मधला काळा ठिपकाही मला धुरकट दिसतो. काच तीनदा पुसली. हल्लीच्या कागदावर शाईसुद्धा धड छापत नाहीत.

"डोळ्याच्या डॉक्टरला दाखव ना एकदा," जॉर्जिना म्हणाली.

"पेपर वाचते, सुईत दोरा ओवते, टीव्हीवरची खालची पट्टी वाचते. डोळ्याला काय झालंय?"

सुईचं खोटं बोलले. परवा दोरा महेंद्रांनी ओवला. पण ती सुईच बारीक होती.

मी तिला नको ते बोलले, की तुझे छर्रे बरे पडायला लागले म्हणून तुला डॉक्टर आठवायला लागले. ती रायफल पुसत राहिली. घरी येईपर्यंत वाईट वाटत होतं.

२१ सप्टेंबर

जॉर्जिनाने राग धरला नाही. उलट जेराल्डची स्वतःची दुर्बीण माझ्यासाठी मागून घेतली. जुनी, परदेशी, तो कुणाला हात लावू देत नाही. "ही वाकडी म्हटलीस तर मी तुना क्लबातून काढीन," तो म्हणाला. मी श्वास धरून डोळा लावला.

वाकडी. आता बाक जास्तच.

मी त्याला "छान आहे," म्हटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा मी खोटा शेरा दिला.

आमच्या खात्यात एक नियम होता. एका मशीनवरून वाकडा माल आला तर मशीन बघा. तीन मशीनवरून एकच खोट आली तर तिन्हीत समान काय आहे ते बघा. तीन दुर्बिणी, समान काय? रायफल. म्हणून दुर्बीण काढून नुसती हातात धरून पाहिलं. तरी वाकडी. म्हणजे रायफल निर्दोष सुटली. मग समान काय? शेड? पत्रा तापून हवा हलते, पण परवा पाऊस होता.

समान काय?

डोकं चालत नाही. उद्या बघू.

२५ सप्टेंबर

तीन दिवस ही डायरी टाळली. आज लिहायलाच हवं.

ओळंब्याची दोरी मागेही झुकलेली दिसली होती, तेव्हा मी वाऱ्यावर ढकललं होतं. म्हणून आज वाऱ्याला जागाच ठेवायची नाही असं ठरवलं. दोरीऐवजी जॉर्जिनाच्या घरची तंगूस घेतली, मासे धरायची नायलॉनची दोरी. ओळंबा पाण्याच्या बादलीत बुडवला, म्हणजे हलणार नाही. बादली दाराआड. जेराल्डने विचारलं, मासा धरतेस काय? मी म्हटलं, चोर.

दुर्बीण नको, रायफल नको. नुसती खुर्चीवर बसले, डावा डोळा मिटला आणि पाहिलं.

तंगूस वाकडी.

बादलीतल्या पाण्यावर एक तरंग नव्हता. खाली अर्धा किलोचं पितळ लटकलेलं, तंगूस ताठ, आणि ती माझ्यापुढे मधोमध वाकलेली. वडिलांचा आवाजच आला कानात. वळंबा नाय फसवायचा.

मी डावा डोळा उघडला. तंगूस सरळ झाली. उजवा मिटला. सरळच. पुन्हा डावा मिटला, वाकडी. असं किती वेळा केलं ठाऊक नाही. शेवटी जॉर्जिना येऊन पुढ्यात बसली.

"तिन्हीत समान मी होते गं," मी म्हटलं. "डोळा रिजेक्ट आहे."

मग रडू आलं. आवरलं नाही. भीती वाटली, खरी भीती. आणि त्याहून जास्त राग आला, कारण हाच डोळा. डावा गेला असता तर मला इतकं वाटलं नसतं. डाव्याने माझ्यासाठी कधी काही केलंच नाही, नुसता मिटून बसला.

परतताना टेंभी नाक्याला देवीच्या गर्दीत रिक्षा अडकली. जॉर्जिना डोंबिवलीपर्यंत सोडायला आली, नको म्हटलं तरी. रस्त्याभर रोषणाईच्या माळा होत्या आणि मी एक डोळा मिटून त्या बोटाने मोजायला लागले की मधली माळ वाकायची. तिने माझा हात धरून खाली घेतला. "पुरे आता. डोळ्याला घरी जाऊ दे."

२६ सप्टेंबर

डॉक्टर ऐश्वर्या तरुण आहेत, माझ्या वहिनीच्या ओळखीच्या. त्यांनी डावा डोळा झाकायला लावून एक चौकटींचा कागद पुढे धरला, मधे ठिपका. "चौकटी कशा दिसतात?"

"चौकटी वाकड्या छापल्यात," म्हणणार होते. तोंडात आलं होतं. गिळलं. म्हटलं, "मधल्या वाकड्या दिसतात. ठिपक्याभोवती धुरकट."

"केव्हापासून?"

"११ ऑगस्टपासून. नक्की." इतकी नक्की तारीख देणारी पेशंट त्यांना पहिल्यांदाच भेटली म्हणे. मी ओळंबा, बादली, तीन दुर्बिणी, सगळं सांगितलं. त्या लिहिणं थांबवून ऐकत राहिल्या.

मग औषध घालून डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला. पडद्याखाली बारीक नको त्या रक्तवाहिन्या वाढल्यात आणि त्या गळतायत. पडदा फुगून उचललाय, म्हणून सरळ वस्तू वाकडी. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, दर महिन्याला, काही महिने. मी विचारलं, पहिल्यासारखं होईल?

"आहे ते जाऊ द्यायचं नाही, हे पहिलं. परत किती मिळेल ते बघू. सहा आठवडे गेलेत. लोक सहा महिन्यांनी येतात, कारण दुसरा डोळा सगळं सांभाळून घेतो आणि कळतच नाही. तुम्ही एकच डोळा वापरता म्हणून कळलं."

एकच डोळा वापरते म्हणून कळलं. आणि त्याच्यावर कधी शंका घेतली नाही म्हणून सहा आठवडे गेले. दोन्ही खरं.

जॉर्जिनाला फोन केला. ती म्हणाली, "मी जोर कराया हवा होता गो. पण तू रोजच कशात ना कशात खोट काढतेस. त्यात ही निराळी, हे कसं वळखाचं?"

३० सप्टेंबर

इंजेक्शन झालं. मी समजत होते तितकं दुखलं नाही. मी समजत होते तितकी धीटही नाही. महेंद्रांच्या शर्टाची बाही चुरगळून ठेवली.

उजव्या डोळ्यावर पट्टी लावून घरी आले. चहा घेऊन बाल्कनीत बसले आणि ग्रिल पाहिली.

कप खाली ठेवला.

मधला गज मधोमध पोट आत घेतल्यासारखा, शेजारचे दोन त्याच्याकडे झुकलेले. जणू कुणीतरी त्यातून निसटून गेलंय. ही माझी ग्रिल. महिनाभर अख्खं संकुल ही बघतंय.

"अहो! ही अशी आहे?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"नाही. पहिल्या दिवशी सरळ होती. मी दोरी लावून पाहिली होती. मग तू उभी राहून वाकडी करून घेतलीस."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

ते पेपराची घडी घालत बसले. "तू पास केलीस ना. तीस वर्षांत तुझं पास चुकलेलं मी पाहिलं नाही. वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल." मग हळू म्हणाले, "बोलायला हवं होतं, नीला. मला वाटलं भांडण टाळतोय. काय टाळत होतो ते माहीतच नव्हतं."

मीच घर असं केलंय की माझ्यापुढे सरळ गजालाही बोलायची हिंमत नाही. आम्ही दोघं त्या ग्रिलकडे बघत बसलो आणि मला एकदम हसू फुटलं. मग त्यांनाही. पट्टीखाली डोळा चुरचुरत होता तरी थांबेना.

२ ऑक्टोबर

आज दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात गेले, पांढरी साडी, काळा चष्मा. सगळे विचारत होते. मी सगळ्यांना एक डोळा झाकून दाराची चौकट बघायला लावली. एकेकाला धरून. महेंद्र म्हणाले, आता ही अख्ख्या डोंबिवलीची तपासणी करणार. पन्नाशीच्या पुढच्यांची तर करणारच.

५ ऑक्टोबर

कुंडलिकला बोलावलं. तो हातोडा घेऊन आला, काय करणार बिचारा. मी त्याला आधी बसवलं, चहा हातात दिला आणि सगळं सांगितलं. ग्रिल सरळ होती, काम चोख होतं, डोळा माझा वाकडा होता, माफ करा.

तो मोठ्याने हसला आणि मग हातोडा बाजूला सरकवला. "ताई, त्या दिवशी मी दुकानात जाऊन चार गज एक डोळा मिटून पाहिले. म्हटलं आपलीच नजर गेली. रात्री बायकोला म्हणालो, आता धंदा पोराकडे द्यायचा."

मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या एका शेऱ्याने कुणाकुणाला स्वतःवर शंका घ्यायला लावली, आणि मला मात्र ती कधी आली नाही.

"उद्या येऊन सरळ करून देतो," तो उठत म्हणाला.

मी हो म्हणणार होते. मग एक विचार आला. "नको," म्हटलं. "राहू दे. मला लागणार आहे."

१२ ऑक्टोबर

स्पर्धा. मी डाव्या खांद्यावरून, डाव्या डोळ्याने खेळले. दुर्बीण दुसऱ्यांदा आणली होती तीच. ती काल स्वानंदच्या दुकानात नेऊन, सगळ्यांसमोर, सरळ आहे म्हणून सांगितलं होतं. त्याने दुकान बंद करायचं रद्द केलं.

डाव्या डोळ्याला काही येत नाही. जन्मभर आराम केलेला, तो फुली कुठे आणि ठिपका कुठे विचारत बसतो. पहिला छर्रा शेजारणीच्या कागदावर गेला. जॉर्जिनाने मात्र असे मारले की जेराल्ड चष्मा पुसत उभा राहिला. आमच्या मागे एकच जोडी होती, आणि त्यातल्या एकाची रायफल अडकली होती.

"पुढच्या वेळेला गो," जॉर्जिना म्हणाली.

"पुढच्या वेळेला कुठला डोळा?"

"जो कामाला येईल तो."

२८ ऑक्टोबर

दुसरं इंजेक्शन. या वेळी बाही सोडून हातच धरला. डॉक्टर म्हणाल्या, गळती कमी झालीये. मी घाईने विचारलं, किती? त्या म्हणाल्या, घरी रोज चौकटींचा कागद बघत जा, तुम्हालाच कळेल. मी म्हटलं, माझ्याकडे कागदाहून मोठं आहे.

१६ नोव्हेंबर

रोज सकाळी चहाआधी बाल्कनीच्या दारात, कुंडलिक ठोकत होता तेव्हा उभी होते त्याच लादीवर उभी राहते. डावा डोळा मिटते आणि मधला गज पाहते. दीड महिना तो सरळ दिसत होता. सरळ दिसला म्हणजे डोळा अजून वाकडाच. मी चहा टाकायला वळायचे, महेंद्र पेपर उघडायचे.

आज त्यांनी विचारलं.

मी पुन्हा पाहिलं. डोळा चोळला नाही, नुसती उघडझाप केली. गजाचं पोट आत गेलेलं होतं. फार नाही, पण होतं. शेजारचा उजवीकडचाही त्याच्याकडे झुकलेला.

"काय म्हणतोय?"

"वाकडा," मी म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं. "वाकडा दिसतोय हो!"

ते माझ्याशेजारी त्याच लादीवर येऊन उभे राहिले, एक डोळा मिटून.

"पास?" त्यांनी विचारलं.

"पास," मी म्हटलं.